मुकादमाचा चहा

ती घटना आजही आठवते, आणि दरवेळी ती माझ्या चुकीपासूनच आठवते. ठाण्यात आणलेल्या एका हमालाला मी त्याच्या बायकोदेखत थोबाडीत मारली आणि खोटारडा म्हटलं. तो खरं सांगत होता.

तेव्हा मी दोंडाईचाला सहायक निरीक्षक होतो. मिरचीचा मोसम होता. एका हमालटोळीच्या मुकादमाने सकाळी फिर्याद दिली. त्याची टोळी सोडून जळगावच्या डाळ मिलमध्ये गेलेला हमाल तिसऱ्याच दिवशी परतला होता आणि चहाच्या खोलीचं कुलूप फोडून आत शिरलेला सापडला होता. शेजारच्या गल्ल्याला त्याने हात लावला नव्हता. अंगझडतीत फक्त चहाच्या मसाल्याची पुडी निघाली.

"काय चोरायला गेला होतास?"

"चहा, साहेब."

मी हात उचलला तो इथे. त्याचं नाक गळत होतं, सारख्या जांभया येत होत्या, पाय थरथरत होते. दारू उतरते आहे, असं मी ठरवून टाकलं. वैद्यकीय तपासणीत दारूचा अंश नाही असा शेरा आला, तेव्हा म्हटलं, नाटक करतो.

डबा घेऊन आलेली बायको दारातच उभी होती. आमचे हवालदार म्हणाले, "अक्का, घरी चहा देत जा ना. आम्हाला कामं आहेत."

ती हसली नाही. म्हणाली, "साहेब, मुकादमनी टोळीना बठ्ठा माणसं इतवारले असाच कापतस. दुसरी टोळीना काबर कापत नहीत?"

रविवारी याच टोळीची सगळी माणसं थरथर कापतात, दुसऱ्या टोळीची का नाही, एवढंच विचारून ती डबा ठेवून गेली. खबऱ्यांनी मला पुष्कळ बातम्या आणल्या, पण अशी कोणी आणली नव्हती. तिने कुणावर आरोप केला नव्हता, फक्त दोन टोळ्या शेजारी ठेवून पाहिल्या होत्या.

रविवारी बाजार बंद. साध्या कपड्यांत आम्ही हमालांच्या वस्तीत फिरलो. दुसऱ्या टोळ्यांची माणसं ओट्यावर पत्ते खेळत होती. या मुकादमाची माणसं घराघरांत गोधडी घेऊन पडलेली. एकाला विचारलं, तर म्हणाला, "थंडी लागी गई, साहेब. सोमवारले चांगला व्हई जासू." दुसराही सोमवारच म्हणाला. तिसराही. सोमवारी बाजार उघडणार होता, आणि मुकादमाचा चहाही.

त्याच दिवशी हमालाला दवाखान्यात दाखल केलं आणि मुकादमाच्या चहाच्या खोलीतला मसाल्याचा डबा पंचांसमक्ष सीलबंद केला.

चौकशीत मुकादम शांत होता. "साहेब, मी कुणाला बांधून ठेवलंय का? शिवी नाही, मारहाण नाही. दिवसातून चार वेळा फुकट चहा पाजतो." इतरांपेक्षा तो हमाली कमी देई, तरी त्याची टोळी फुटत नसे. व्यापारी त्याचं कौतुक करत.

मी ठाण्यातला साधा चहा मागवला. "घ्या, नाना. तुमच्याच डब्यातला मसाला घातलाय."

त्याने कप दूर सारला. "मी नाही पीत यातला."

बोलून गेल्यावर त्यालाच कळलं. मग त्याने सगळं सांगितलं. अंगदुखीच्या, सवय लावणाऱ्या गोळ्यांची पूड तो मसाल्यात मिसळत होता, आणि एक औषध दुकानदार चिठ्ठीशिवाय त्या गोळ्या पोत्याने पुरवत होता. प्रयोगशाळेचा अहवालही तोच आला. दोघांवर गुन्हा दाखल झाला.

कुलपं, साखळ्या, धमक्या मी नोकरीभर पाहिल्या. पण दार सताड उघडं ठेवून माणसं अडकवणारा धंदा पहिल्यांदा पाहिला. त्यातला प्रत्येक माणूस आपण होऊन कामावर येत होता! आजही सवयीवर चालणारं दुकान दिसलं की गिऱ्हाइकाकडे नाही, मालकाच्या कपाकडे माझं लक्ष जातं.

न्यायालयात मी खरी हकीकत मांडली आणि हमाल सुटला. पण त्याच्याशी बोललो नाही. खात्याची इभ्रत, असं स्वतःला सांगत राहिलो. निवृत्तीनंतर जळगावला डाळ मिलवर गेलो. सुटल्यावर तो पुन्हा तिथेच लागला होता, पोती उतरवत होता. मला पाहताच त्याने खांद्यावरचं पोतं ठेवलं आणि सावध उभा राहिला.

"घरी नेशील?" मी विचारलं. "अक्कांसमोर बोलायचंय."

तिच्यासमोर उभा राहून मी त्याला म्हणालो, "तू खरं बोललास आणि मी तुला मारलं. अक्का, तुम्ही रोग ओळखलात आणि आम्ही तुमची थट्टा केली. चुकलो. मला माफ करा."