बाबांच्या खुर्चीतला आवाज

होम थिएटर बसवणारा तो माणूस रत्नागिरीत कुठल्याही घरी आधी विचारतो, "बसणार कोण नि कुठे?" मग सबवूफर, म्हणजे खर्जाचा आवाज घुमवणारा डबा, सांगितलेल्या खुर्चीवर ठेवून गाणं लावतो, खोलीभर रांगतो आणि जिथे बेस भरून ऐकू येईल तिथे डबा कायमचा मांडतो. मग त्या खुर्चीत बसणाऱ्याला आवाज सगळ्यात छान येतो.

आमच्याकडे तो आला तेव्हा बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. तो सांत्वनाला येऊनही गेला होता. तरी त्याने विचारलंच. आई म्हणाली, "हे बसतील ना, आरामखुर्चीत."

मी बोलणार, तोच त्याने हाताने थांबवलं. "बरं काकी," म्हणत डबा त्या खुर्चीत ठेवला आणि रांगू लागला.

सोफ्यावर आम्हा दोघांना आता नुसती घरघर ऐकू येते. आई म्हणते, "यांना नीट येतंय ना ऐकू? मग झालं."