मधातली खिडकी

"मधात खिडकी ठेवायची का?" नालवाडीच्या बॉडीवाल्या मिस्त्रीनं विचारलं, अन् आम्ही तिघंही इकडंतिकडं पाहायला लागलो.

प्रश्न काही अवघड नव्हता. आमची भाजीची पिकअप त्याच्या अंगणात उभी होती. जिथं आम्ही वांगी अन् मेथी भरतो, तिथं त्याला पत्र्याची एक लहान खोली बसवून द्यायची होती. आत एक दिवाण, दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या, मागून दार, दाराला पायरी. एवढं ठरलं होतं. केबिनला मागून काच असतेच. त्या काचेसमोर खोलीच्या भिंतीलाही खिडकी पाडली आणि दोन्हींच्या मधात रबर लावलं, की पुढचा माणूस आणि मागचा माणूस एकमेकांना दिसतात, बोलू शकतात. "ठेवायची तं आत्ताच सांगा," मिस्त्री म्हणाला, "एकदा पत्रा ठोकला का मी हात लावणार नाई."

मिस्त्री माझ्या नवऱ्याकडे पाहत होता, नवरा माझ्याकडे, आणि मी खाली. कारण दिवाणाचं माप घ्यायचं म्हणून सासऱ्यांनाही सोबत आणलं होतं, अन् ते तिथंच खाटेवर पडून होते. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजींसमोर मी नवऱ्याशी बोलत नाही. भांडण नाही काही, रीतच तशी. त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायचं नाही, डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही, नवऱ्याला काही सांगायचं असलं तर भिंतीकडे पाहून सांगायचं. लग्न करून आले तेव्हा सासूनं हे शिकवलं. मग सासू गेली, रीत राहिली.

आता ही खोली कशासाठी, ते सांगते. मामाजी वर्षभराआधी ओसरीवरून पडले आणि कमरेतून गेले. बसता येत नाही, आडवंच राहावं लागतं. उभा जन्म त्यांचा बाजारात गेला. आधी बैलबंडीनं, मग पिकअपनं, देवळीचा बाजार, हिंगणघाटचा बाजार, मधातली लहान गावं. खाटेवर पडल्यापासून त्यांचं एकच, "मले एकदा सारे बजार दाखवून आणा." आमच्या यांनी मोबाइलवर कुठल्या तरी गोऱ्या नवराबायकोचा व्हिडिओ पाहिला होता. गाडीवरच घर बांधून ते दोघं डोंगरदऱ्या हिंडत होते, आतच चहा, आतच झोप. हे मला व्हिडिओ दाखवायला स्वयंपाकघरात आले. "बाबाले असं फिरवलं तं?" म्हणाले. आठ दिवस, सगळे बाजार, वाटेत मुक्काम. मी हो म्हटलं. मनात काय आलं ते नाही सांगितलं.

मनात आलं ते हे, की मामाजी मागं आडवे असतील. म्हणजे पुढं यांच्या बाजूला मी बसेन.

तुम्ही हसाल. तेवीस वर्षं झाली लग्नाला आणि बाई नवऱ्याच्या बाजूला बसायचं म्हणून जीव टाकते! पण बावीस वर्षं, मामाजी पडेपर्यंत, मी त्या गाडीत मागंच बसले आहे. पुढं हे आणि मामाजी, मागं मी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आणि वांग्याची पोती. बाजाराला जाताना तसंच, येताना तसंच. काचेतून मला यांची मान दिसायची. उन्हाळ्यात घाम दिसायचा, केस कापून आले की गोरी रेघ दिसायची. मी त्या मानेशी मनातल्या मनात किती बोलले असेन, त्याला हिशेब नाही. कधी पुढं बसलेच नाही असंही नाही. लग्नाकार्याला बसले, पण मांडीवर पोरगी, बाजूला नणंद, नणंदेच्या मांडीवर अजून एक. घरी तर बोलायला जागाच नाही. आपलीच मोरी अन् अंघोळीची चोरी. मामाजी पडल्यावर वाटलं, आता तरी. पण त्यांना पाहायला घरी कोणी पाहिजे, मग हे एकटे बाजाराला जायला लागले आणि मी ओसरीवरून त्या गाडीकडे नुसतं पाहत राहिले.

तर खिडकी. खिडकी ठेवली म्हणजे मामाजींचं डोकं बरोबर आमच्या मागं. मग मी पुढं बसून काय करणार? पदर ओढून, तोंड शिवून बसणार. खरं सांगू? मला खिडकी नको होती. आणि नको म्हणण्याची लाज वाटत होती. म्हातारा माणूस पत्र्याच्या डब्यात एकटा पडणार, त्याला ठसका लागला, तहान लागली, तर ऐकणार कोण? एवढं कळत होतं, तरी नको होती.

घरी आल्यावर यांनी विषय काढला. "खिडकी तं पाह्यजेच. बाबाले काही लागलं मंग?"

"धूळ जाईन त्यातून," मी पीठ मळता मळता म्हटलं.

"रबर लावून राह्यला ना तो."

"रबर फाटते. पाणी गळन."

"दिवाळीनंतर कुठचं पाणी येते वं?"

"तुम्हाले काय समजते त्यातलं!" मी उगीचच कावले. हे बिचारे उठून गेले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला फोन करून त्यांनी सांगून टाकलं, खिडकी ठेव.

मग मी जे केलं ते आजही सांगताना कान गरम होतात. दुपारी हे वावरात गेल्यावर त्यांच्याच वहीतून नंबर काढला आणि मिस्त्रीला फोन लावला. "यांनी सांगतलं," मी म्हटलं, "खिडकी नको. पण बेल बसवून द्या. मागं बटण, पुढं आवाज." बेलची युक्ती मला रात्रभर तळमळून सुचली होती, आणि ती सुचली तेव्हा मला वाटलं, चला, पाप अर्धं झालं. मिस्त्रीनं मला बेलचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "ताई, नक्की?" मी म्हटलं, नक्की.

गाडी आणायला गेलो त्या दिवशी मी यांच्या मागंमागंच राहिले. चोराच्या मनात चांदणं. खोली झकास झाली होती. आतून पांढरा रंग, दिवाणाला कठडा, उशापाशी बेलचं लाल बटण. आणि समोरची भिंत सपाट. हे भिंतीवर हात ठेवून उभेच राहिले.

"अबे, खिडकी कुठी आहे? मी फोन केलता ना तुले!"

मिस्त्रीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, संपलं आता. जमीन पोटात घेईल तर बरं.

"भाऊ, तुमच्या बाबाचा फोन आलता," तो म्हणाला. "म्हणे, खिडकी ठेवशील तं मी गाडीत पाय ठेवणार नाई. आता मी कोणाचं ऐकू? तुमच्या घरात एकमेकांसंगं बोलत नाई काय कोणी?"

माझ्या फोनचं त्यानं नाव काढलं नाही. देव त्याचं भलं करो. घरी आल्यावर यांनी मामाजींना विचारलं, काऊन नको म्हटली म्हणून. मामाजी खेकसले, "मले पुढचा रस्ता नाई पाहाचा. बाजूचा दिसते तेवढा लय झाला." आणि कूस वळवता येत नाही तरी मान तेवढी भिंतीकडे वळवली. मला तेव्हा काही कळलं नाही. वाटलं, माझंच नशीब उघडलं.

पुढं ती फेरी आठ दिवसांची झालीच नाही. तिसऱ्या दिवशी मामाजींची कंबर इतकी ठणकायला लागली की परतावं लागलं. पण मला सांगायचं आहे ते पहिल्या सकाळचं.

मामाजींना दिवाणावर झोपवलं, पाण्याची बाटली दिली, दार लावलं आणि मी पुढं येऊन बसले. नवी साडी नेसले होते, अबोली रंगाची. गाव मागं पडलं तसा मी डोक्यावरचा पदर खाली घेतला. यांनी पाहिलं आणि परत रस्त्याकडे पाहायला लागले. दोन्हीकडे कापूस फुटला होता. वारा येत होता. तेवीस वर्षांचं बोलायचं होतं मला, अन् तोंडातून शब्द फुटेना! काय बोलावं? वांग्याचा भाव? हे पण तसेच. एकदा म्हणाले, "थंडी वाजते काय?" मी म्हटलं, नाही. मग थोड्या वेळानं, "बाबा बरे असतील ना मागं?" मी म्हटलं, असतील. फाटा आला की पुन्हा, "बेल चालू आहे ना?" देवळी येईपर्यंत आमचं एवढंच बोलणं झालं. मला माझाच राग यायला लागला. माय वं, मनात म्हटलं, यासाठी केला होता का एवढा कुटाणा?

देवळीच्या बाजारात गाडी उभी केली. मामाजींचे जुने ओळखीचे जाळीपाशी येऊन त्यांना भेटून गेले, कोणी पेरू दिले, कोणी नुसतंच पाहून डोळे पुसले. मग आम्ही हिंगणघाटच्या रस्त्याला लागलो. बेल काही वाजेना. यांचा जीव राहीना. गाव सुटल्यावर एका बाभळीखाली गाडी थांबवली, म्हणाले, "जाऊन पाहून ये वं जरा."

मी पदर घेतला, मागचं दार उघडलं. मामाजी जागेच होते, बाजूच्या जाळीतून बाहेर पाहत होते.

"काऊन थांबले? मी बेल वाजवली का?"

"नाई मामाजी. पाणी देऊ का, म्हणून..."

"पाणी आहे. मी मेलो नाई अजून. चाला पुढं." मी दार लावायला लागले तर म्हणाले, "थांब, पोरी."

पोरी! तेवीस वर्षांत पहिल्यांदा. नाहीतर मला हाकच नव्हती, "घरात सांगा" एवढंच असायचं.

"तुही सासू," मामाजी जाळीकडेच पाहत म्हणाले, "अठरा वर्षं माह्या बापाच्या मागं बंडीत बसली. पुढं मी अन् माहा बाप, मागं ते एकटी, भाजीत. मले लय वाटे, एकदा ते बाजूले बसावी, दोघंच बजाराले जावं. बाप गेला तं पोरं मोठे झालते. मंग शरम वाटे, का आता या वयात कायले. मंग ते गेली." थोडं थांबून म्हणाले, "तुले मागं बसवलं तवा मले समजत होतं. पण माह्या तोंडून नाई निघालं, का पुढं बस म्हणून. जा आता. सारखं मागं येऊन पाहू नोको."

मी आत वाकले. पायरीवरच त्यांच्या पायाला हात लावला आणि दार लावलं. पुढं येऊन बसले तर डोळे भरलेले.

"काय झालं? बाबा बरे आहे ना?" यांनी किल्ली फिरवली होती, गाडी घरघरत होती.

"बरे आहेत. अजी, खिडकी मी नको म्हटली होती," मी एका दमात सांगून टाकलं. "मिस्त्रीले मीबी फोन केलता. तुमचं नाव सांगून."

हे माझ्याकडे पाहतच राहिले. "काऊन?"

"तुमच्यासंगं बोलता यावं म्हणून."

"मंग मले सांगाचं ना."

"कुठी सांगू?" माझा आवाज चढला. "तेवीस वर्षांत जागा होती का कुठी? सांगा ना, कुठी सांगू?"

यांनी गाडी बंद केली. स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "आता सांग."

आणि मला एकदम रडू फुटलं, कारण सांगायचं होतं ते सगळं जुनं होऊन गेलं होतं. तरी जे पहिल्यांदा आठवलं ते सांगितलं. "पोरगी पोटात होती तवाची गोष्ट आहे. आपण हिंगणघाटहून येत होतो. मी मागून काच वाजवली, तुम्ही गाडी थांबवली. खाली उतरून विचारलं, काय झालं. मामाजी पाहत होते. मी म्हटलं, जुडी पडली. तं जुडी नोती पडली. पोरगी पहिल्यांदा हलली होती पोटात. तुम्हाले सांगाचं होतं."

हे समोर रस्त्याकडे पाहत होते. मला वाटलं, यांना काय आठवणार.

"मेथीची," ते म्हणाले. "मेथीची जुडी म्हटली होती तू. मी मागं लय दूर चालत गेलतो पाहाले. रस्त्यावर कुठीच नोती."

"मंग विचारलं काऊन नाई?"

"म्हटलं, घरी गेल्यावर विचारीन." त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "घरी सारे होते."