जखमी हरणीचा माग

लग्न होऊन मी चाळीसगाव तालुक्यातल्या डोंगराच्या पायथ्याच्या गावात आले, तेव्हा आमच्या ओट्यावर एक तांबडा कुत्रा बांधलेला असायचा. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तो राखणीचा कुत्रा नव्हता. कोणी आलं-गेलं तरी भुंकायचा नाही. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, त्याला एकच काम शिकवलं होतं. जखमी हरीण कुठं जाऊन पडलंय ते शोधायचं.

आबा तरुणपणी शिकारी होते. शिकारबंदी आली तेव्हा बंदूक जमा करून आले आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. पण गोळी लागूनही हाती न लागलेली जनावरं त्यांच्या मनातून गेली नव्हती. डोंगरात चोरटी शिकार चालायचीच, कधी रस्त्यावर गाडीची धडक बसायची, आणि हरीण जखम घेऊन झाडोऱ्यात शिरायचं. मग वनखात्याची माणसं आबांकडे यायची. आबांचं सगळं ठरलेलं होतं. वरच्या साहेबांची परवानगी असल्याशिवाय आणि वनपाल सोबत असल्याशिवाय निघायचं नाही. कुत्रा दोरावरच राहील, कारण मोकळा सुटला तर तो हरणाला पळवून मारेल. कोणाच्या हातात कोयतासुद्धा नको. आणि जनावर मेलेलं सापडलं तर पंचनामा करून ते खात्याची माणसं जाळतील. शिंगाचा तुकडाही घरी येणार नाही.

माझ्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी आबा बैलगाडीवरून पडले आणि त्यांची कंबर कायमची गेली. माझा नवरा आणि थोरले दीर, दोघंही चाळीसगावला गिरणीत कामाला. कुत्रा परक्याला दोर धरू देईना. त्याला भाकरी मी घालायची, म्हणून आबांनी मलाच शिकवायला घेतलं. जाऊबाई बोकडाचा खूर दोरीला बांधून बांधाबांधानं ओढत न्यायच्या, कुठंतरी लपवून यायच्या, आणि थोड्या वेळानं मी कुत्रा घेऊन त्या मागावर जायची. गाव चार दिवस हसलं. मग त्यांना सवय झाली.

एकदा पौषातल्या सकाळी वनपाल सायकलवरून आले. पहाटे त्यांनी एका जीपमधली माणसं बंदुकीसह पकडली होती. त्या माणसांनीच सांगितलं की एका हरणीला छर्रे लागलेत, पण ती डोंगराकडे निघून गेली. साहेबांची परवानगी मिळाली होती, गुरांचे डॉक्टर वाटेवर होते. वनपालांना लगेच निघायचं होतं. आबांनी त्यांना थांबवलं. ती आता कुठंतरी बसली असेल, लगेच मागे लागलात तर उठून पळेल आणि पळतापळता मरेल, थंडी आहे, वास लवकर उडणार नाही, असं त्यांनी समजावलं. तोवर डॉक्टर पोचले. सगळ्यांनी चहा घेतला. मी पदर कमरेला खोचला आणि दोर हातात घेतला. निघताना आबा एवढंच म्हणाले, "दोर वढू नको, बेटा. त्याले ठाऊक शे."

जिथं छर्रे लागले होते तिथं गवतावर रक्ताचे दोन-चार थेंब होते. कुत्र्यानं ते हुंगले, मग शेजारची माती बराच वेळ हुंगली, आणि निघाला. डॉक्टर आणि वनपाल बऱ्याच अंतरावरून मागे येत होते. रक्त पुढे दिसेनासं झालं. कपाशीच्या पऱ्हाट्या, मग मुरमाड माळ. माझ्या डोळ्यांना तिथं काहीच दिसत नव्हतं. कुत्रा मात्र पाटीवरची अक्षरं वाचावीत तसा नाक टेकवून चालला होता.

माळ संपतो तिथं मेंढ्यांची वाट आडवी आली. नुकताच मोठा कळप गेला होता. लेंड्या, खुरांचे ठसे, आणि लोकरीचा वास तर अगदी मलाही येत होता. तिथं कुत्रा थांबला. गोल फिरला, परत फिरला, मग डोकं वर करून नुसता उभा राहिला. वनपाल मागून हळूच म्हणाले, "वहिनी, संपलं वाटतं इथं." मलाही तेच वाटत होतं. नाल्याच्या दिशेला झाडी दाट होती, हरीण तिकडेच गेलं असणार असं कोणीही म्हटलं असतं. पण मी दोर ढिलाच ठेवला. कुत्रा कळपाची सगळी वाट ओलांडून गेला आणि पलीकडे, उघड्या टेकाडाकडे वळला. शेकडो खुरांच्या गोंधळातून त्यानं एका हरणीचे चार खूर वेगळे काढले होते.

टेकाडावर बोरीच्या जाळीपाशी तो खाली बसला. भुंकला नाही, दोर ताणला नाही. मी वाकून पाहिलं. हरणी तिथंच होती, माझ्यापासून हातभर. बरगड्या वरखाली होत होत्या. मांडीवरचे केस रक्तानं चिकटले होते. तिचा डोळा माझ्याकडे होता, काळाभोर, ओला, आणि त्यात मी, माझ्यामागचं आकाश, सगळं दिसत होतं. इतकं जिवंत काही मी त्याआधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. माझी लेक पुढे जन्मली, तेव्हा तिला पहिल्यांदा बघताना मला असंच वाटलं.

मी कुत्र्याला घेऊन मागे सरकले. हेही आबांनी शिकवलेलं, सापडलं की आपलं काम झालं. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांवर फडकं टाकलं, सुई दिली. हाड शाबूत आहे, असं म्हणाले तेव्हा वनपाल दगडावरच बसले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं. गावातून बाज मागवून तिला वनखात्याच्या रोपवाटिकेतल्या शेडमध्ये नेलं. छर्रे निघाले. जखम भरेपर्यंत ती तिथंच होती, आणि तिच्याजवळ कोणालाही जाऊ दिलं नाही, मलाही नाही.

प्रत्येक वेळी असं झालं नाही. पुढच्या वर्षांत आम्हाला बहुतेक वेळा मेलेलं जनावरच सापडलं. पण आबा म्हणायचे, सापडलं तर निदान कळतं, नाहीतर ते मनात पळतच राहतं.

त्या हरणीला सोडायच्या दिवशी वनपालांनी मुद्दाम बोलावणं धाडलं. शेडचं फाटक उघडलं, आम्ही लांब उभे होतो. ती फाटकात क्षणभर थांबली, हवा हुंगली आणि टेकाडाकडे गेली. घरी आले तर आबा बाजेवर उठून बसले होते.

"कशी गेनी?" त्यांनी विचारलं.

"आधी चालत. मग उडी मारली."

"लंगडत?"

"जरा."

त्यांनी मान हलवली. मग मला ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि मी सांगत असताना कुत्रा माझ्या पायाशी झोपून गेला.