पालथी वीट

आमच्या टिटवाळ्याच्या सोसायटीत देऊळ बांधणारा गवंडी प्रत्येक वीट थापीने दोनदा वाजवून आवाज ऐकायचा; खणखणीत वाजली तरच लावायचा. चहाच्या वेळी मी, आदल्या दिवशी पाहिलेल्या व्हिडिओच्या जोरावर, त्याला शहाणं केलं: प्राचीन सुमेरचे, म्हणजे आजच्या इराकातले, राजे देवळाच्या विटांवर नाव कोरायचे आणि अक्षरं खाली करून त्या लावायचे.

"मग वाचनार कोन, साहेब?"

"देव."

दुसऱ्या दिवशी त्याने खिळ्याने विटेवर आईचं नाव कोरलं आणि वीट पालथी लावली. मी पडलो सेक्रेटरी. म्हटलं, "सोसायटीचं देऊळ आहे रे, काढ ती." त्याने काढली. पुढच्या विटा वाजवल्याच नाहीत.

आता देवळाच्या दारातल्या संगमरवरी पाटीवर माझं नाव पहिलं आहे. येणारेजाणारे वाचतात. देवासाठी लिहिलेलं एकच होतं, ते मी काढायला लावलं.