न वाजलेले सात फोन

दिलीप खांबेटे आमच्या ऑफिसात स्टोअर्स विभागात आहे. एकोणतीस वर्षांपूर्वी बदलीवर कोलकात्यात आला आणि परतीचे अर्ज करता करता इथेच राहिला. लग्न केलं नाही. बालीगंजला दोन खोल्यांत एकटा असतो. इथली मराठी घरं त्याला ओळखतात ती फोनमुळे. मुलं पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात आहेत, आणि जाताना त्यांनी आईवडिलांच्या हातात आपले जुने फोन देऊन ठेवले आहेत. ते अडले की रविवारी सकाळी दिलीपला बोलावणं जातं.

त्याच्या पिशवीत सिमचा कप्पा उघडायची टाचणी, चष्म्याचं फडकं आणि मऊ केसांचा जुना ब्रश असे. चार्जिंग होत नाही म्हणून नवा फोन घ्यायला निघालेल्या तिघांच्या फोनच्या भोकातला कचरा त्याने दात कोरायच्या काडीने काढून दिला होता. अक्षर मोठं करून दे, ग्रुपवरचे सुप्रभाताचे फोटो आपोआप उतरणं बंद कर, अशी त्याची कामं. एका कामाला पंधरा मिनिटं लागत आणि चहा व्हायच्या आत तो निघायला बघे.

डमडमच्या ओगल्यांकडे मात्र तो जेवायला थांबे. नारायणराव ओगले, म्हणजे सगळ्यांचे नाना, एक्याऐंशी वर्षांचे. एस्प्लनेडच्या एका कचेरीत त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. दोन वर्षांपासून त्यांना विस्मरण होऊ लागलं होतं. घरात ते आणि श्यामलावहिनी. मुलगी देवयानी पुण्याला.

एप्रिलमधल्या एका रविवारी वहिनी वैतागलेल्या होत्या.

"दिवसाला वीस फोन येतात रे! कर्ज घ्या, कार्ड घ्या. मी आंघोळीला गेले की हे उचलतात आणि तो विचारेल ते सांगत बसतात. परवा पासबुक घेऊन बसले होते."

"माझंच पासबुक होतं," नाना म्हणाले.

"पासबुक तुमचं, आणि निस्तरायचं मी!"

दिलीपने वहिनींच्या फोनवर एक सोय चालू केली. ज्याचं नाव साठवलेलं नाही, त्याचा फोन आला तरी घंटी वाजणार नाही.

"देवयानीचा वाजेल ना?"

"वाजेल. माझाही वाजेल. कर्जवाल्याचा नाही."

ऑगस्टमध्ये नाना बाजारातून परतताना वाट चुकले. तेव्हा दिलीपने बंगाली, हिंदी आणि इंग्रजीत कार्डं छापून आणली, लॅमिनेट केली आणि नानांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशात एकेक घातलं. "मला घर आठवत नाही. कृपया या नंबरवर फोन करा." खाली वहिनींचा नंबर.

दोन्ही उपाय चांगले होते. मध्ये चार महिने गेले होते, आणि दोन्हींचा एकत्र विचार कोणीच केला नाही.

नोव्हेंबरात एका मंगळवारी वहिनी गॅसवाल्याशी बोलत असताना नाना बाहेर पडले. वहिनींनी ऑफिसात दिलीपला फोन केला. मी त्याच्या शेजारच्या टेबलाशी होतो.

"घाबरू नका वहिनी. कार्ड आहे ना खिशात? मग कोणीतरी करेलच. फोन हातातून सोडू नका," तो म्हणाला आणि लगेच निघाला.

तीन वाजेपर्यंत दोघे डमडमच्या गल्ल्या पालथ्या घालत होते. वहिनींच्या मुठीत फोन होता. तो वाजला तो फक्त देवयानीचा. साडेतीनला दारात पोलिस आला. नाना मेट्रोने एस्प्लनेडला गेले होते. रस्ता ओलांडताना बसने धडक दिली. दोन वाजता इस्पितळात ते गेले. पत्ता खिशातल्या पेन्शनच्या कागदावरून सापडला.

स्मशानातून परतताना टॅक्सीत दिलीपने मला एप्रिलची गोष्ट सांगितली. "वहिनींना सांगू का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, नको, आता सांगून काय उपयोग. माझा हिशेब तेवढाच होता.

दिवस झाले, देवयानी परत गेली, आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघे डमडमला गेलो. वहिनींना बोलायचंच होतं.

"पोलिस म्हणतात, फोन केला होता. खोटं. माझ्या हातात होता तो. एवढी गर्दी असते तिथे, एकालाही त्यांच्या खिशातलं कार्ड बघावंसं वाटू नये? पन्नास वर्षं राहिलो रे आम्ही या माणसांत."

दिलीपने माझ्याकडे पाहिलं नाही. "वहिनी, फोन द्या," तो म्हणाला. त्याने त्या मंगळवारी आलेल्या फोनची यादी उघडून त्यांच्यापुढे धरली. एकाच नंबरवरून सात फोन, सव्वाअकरा ते पाऊण. त्यानंतर दुसऱ्या नंबरवरून दोन, ते पोलिसांचे.

"लोकांनी केले होते. वाजले नाहीत. वाजायचं मीच बंद केलं होतं, एप्रिलमध्ये. त्या दिवशी मला आठवलंच नाही."

वहिनींनी चष्मा लावला. बराच वेळ यादी बघितली आणि सात फोनवाल्या नंबरवर बोट ठेवलं. पलीकडून एक माणूस बंगालीत बोलला. मेट्रोच्या दाराशी तो फुटपाथवर चष्मे विकतो.

"सात वेळा केला, मासिमा. माझ्या स्टुलावर बसवलं होतं त्यांना. ऑफिसला उशीर होतोय, म्हणत होते. गिऱ्हाईक आलं, मी मान वळवली, तेवढ्यात उठून गेले."

"चहा दिलात?"

"दिला. दोन बिस्किटं पण."

"साखरेचा?"

"हो. का, चालत नव्हता?"

"नव्हता," वहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आवडायचा."

त्यांनी त्याला नाव विचारलं आणि फोन दिलीपपुढे केला. "हे नाव घालून द्या."

दिलीपने नाव लिहिलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं.

"आता त्याला म्हणावं, एकदा फोन कर. वाजतो का बघते."

दिलीपने आपल्या फोनवरून त्याला तसं सांगितलं. मिनिटभराने वहिनींचा फोन टेबलावर वाजू लागला. घंटी मोठी होती. वहिनींनी तो उचलला नाही. पूर्ण वाजून थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या.

"वाजतो," त्या म्हणाल्या. "निघा तुम्ही आता."