राहून गेलेली दुमड

आमच्या गल्लीत काकांना कुणी नावानं ओळखत नाही. सगळे त्यांना 'अर्धा इंच' म्हणतात, आणि तेही त्यांच्या तोंडावर. कुणाचंही माप घेतलं की आकडा वहीत लिहिता लिहिता ते पुटपुटतात, "अर्धा इंच आत ठेवतो. माणूस आज आहे तसा उद्या नसतो." चाळीस वर्षं ते हे जाडजूड होणाऱ्या गिऱ्हाइकांना उद्देशून म्हणत आले आणि लोक पोटावर हात फिरवत हसत आले. हल्ली हे वाक्य ते म्हणत नाहीत. अर्धा इंच मात्र अजून आत ठेवतात.

ते माझ्या मावशीचे यजमान. टेलरिंगचं दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. दारातून आत शिरलं की डावीकडे कापायचं लांब टेबल, उजवीकडे दोन मशिनं आणि कोपऱ्यात लाकडी पायावरचा, बिनडोक्याचा पुतळा. दोन मशिनांपैकी खिडकीजवळचं मावशीचं. त्याच्याखाली तिच्या घरातल्या सपाट चपला अजून ठेवलेल्या आहेत. एकदा केर काढताना मी त्या उचलून मागे नेल्या, तर दुपारपर्यंत त्या पुन्हा मशीनखाली आल्या होत्या. 

मी दोन गल्ल्या सोडून राहते आणि औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करते. त्यामुळे त्या साथीत मी जितका खोकला ऐकला तितका एखाद्या डॉक्टरनंही ऐकला नसेल. माझी जीभ जरा तिखट आहे, हे मला ठाऊक आहे. काकांशी मी अनेकदा नको तितकं टाकून बोलले आहे. पण हे लिहिताना त्यातला एकही शब्द मला मागे घ्यावासा वाटत नाही.

जहाजाची टूम मावशीची. जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या प्रवासाचे कपडे शिवले, स्वतः मात्र कुठे गेली नाही. साथीचं नावही कुणाला माहीत नव्हतं तेव्हा तिनं आठ दिवसांच्या सफरीची दोघांची जागा ठरवली. एका संध्याकाळी जहाजाच्या कप्तानाबरोबर जेवण असतं, असं तिनं माहितीपत्रकात वाचलं होतं, आणि त्यासाठी जांभळट निळ्या कापडाचा पायघोळ ड्रेस शिवायला घेतला. बाजारातून टाचेचे सँडलही आणले. ड्रेस काकांनी शिवला, फक्त खालची दुमड मारायची ठेवली. हा त्यांचा कायमचा नियम आहे: ज्या चपलांवर माणूस तो कपडा घालणार, त्या चपला पायात घालून तो समोर उभा राहिल्याशिवाय खालची दुमड मारायची नाही. मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

पण दुमड मारायची वेळच आली नाही. निघायला दहा दिवस असताना कुठल्याशा जहाजावर माणसं आजारी पडल्याची आणि त्यांना कुठलंच बंदर उतरवून घेत नसल्याची बातमी आली. काकांनी पेपर घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "नको जायला. घरात राहिलेलं बरं."

मावशी म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

हे तिचं नेहमीचं वाक्य. कापडाचा रंग असो, भाडेकरू असो, डॉक्टर असो, काका ठरवायचे आणि ती 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणायची. तिला खरंच तसं वाटायचं की नाही हे कुणी कधी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

ते जहाज त्यांच्याशिवाय गेलं आणि सुखरूप परत आलं. एकाला साधी शिंकही आली नाही. आमच्या पोस्टातले साहेब त्याच सफरीला गेले होते. ते उन्हानं रापून आले आणि आल्या आल्या काकांकडे दोन पॅंट्स कमरेत सैल करायला टाकून गेले. इतकं खाल्लं म्हणे. काकांनी आत ठेवलेला अर्धा इंच उसवला आणि पॅंट्स सैल करून दिल्या.

त्यानंतर सगळं बंद झालं. काका-मावशीनं तीन आठवडे बसून अख्ख्या गल्लीसाठी मास्क शिवले. कापडाच्या ढिगात खोली बुडून गेली होती, पुतळासुद्धा अर्धा दिसेनासा झाला होता. आणि गल्लीच्या तोंडाला मास्क बांधणारी ही दोघं स्वतः मात्र मास्क हनुवटीवर ओढून बसायची. कारण टाचण्या. टेलर माणूस टाचण्या ओठांत धरतो. काका टोचायचे तेवढ्या टोचत, उरलेल्या मावशी त्यांच्या ओठांतून काढून सरळ आपल्या ओठांत ठेवायची. लग्न झाल्यापासून त्यांचं असंच चाललं होतं. मी दारातून ओरडायचे, "अहो काका, निदान तेवढं तरी सोडा." काका मान हलवायचे. तोंडात टाचण्या असल्यामुळे उत्तर देता यायचं नाही.

काकांचा घसा दोन दिवस खवखवला. तिसऱ्या दिवशी मावशीला ताप आला. तिला न्यायला गाडी आली तेव्हा काकांना दारातच थांबवलं. अकराव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला.

ज्या दिवशी गाडी आली, त्याच दिवशी काकांनी पुतळ्यावर पांढरी चादर टाकली. तो पुतळा मावशीच्या मापाचा. कापूस आणि चिंध्या गुंडाळून त्यांनीच तो तिच्या अंगासारखा केलेला. चादरीखाली तो ड्रेस तसाच होता. मी दीड वर्ष त्या खोलीत जात-येत होते आणि खोटं कशाला बोलू, त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायला मला भीती वाटायची. काका त्याच्याशी बोलायचे. फार नाही. "कात्री कुठे ठेवलीस," एवढंच. आणि थोडा वेळ थांबायचे. मग स्वतःच उठून कात्री शोधायचे. टाचण्या आता ते टेबलावरच्या छोट्या उशीलाच टोचून ठेवत, पण काम करताना त्यांचे ओठ डाव्या कोपऱ्यात जरासे उघडे राहायचे, जणू कुणी येऊन तिथून काहीतरी काढून घेणार आहे.

मी एकदा स्पष्ट म्हटलं, "एका घरात राहत होतात, एका ताटलीतलं खात होतात. टाचण्या नसत्या तरी व्हायचं ते झालंच असतं."

"झालं असतं," ते म्हणाले. "पण मला टाचण्याच आठवतात."

मग कंपनीचं पत्र आलं. जहाजं पुन्हा सुरू झाली होती. जुन्या बुकिंगवाल्यांना ही शेवटची संधी, सहा आठवड्यांनी निघायचं, दोन जागा एकाच खोलीत, एखादा प्रवासी बदलला असल्यास नाव कळवावे. साथ संपली नव्हती. माझ्या काउंटरवर अजून रोज रांग लागत होती, आणि काकांच्या छातीत तेव्हापासून जी घरघर राहिली होती ती गेलेली नव्हती. डॉक्टरांनी त्यांना बाजारात जायलाही मनाई केली होती.

"मी जाणार," काका म्हणाले.

"कुठे?"

"तिला जायचं होतं. मी नको म्हटलं. गेलो असतो तर परत आलो असतो, त्या पोस्टातल्यासारखे. सुरक्षित म्हणून घरात ठेवली आणि घरातच..." 

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुम्ही फिरायला निघालेला नाहीत, काका. तुम्ही शिक्षा भोगायला निघालात. ते जहाज तुम्हाला आजारी पाडेल एवढ्याच आशेवर तुम्ही जाताय."

त्यांनी नाही म्हटलं नाही. मी महिनाभर समजावलं, रागावले, एकदा रडलेही. काकांनी बॅग काढून उन्हात ठेवली.

निघायला नऊ दिवस असताना, एका दुपारी, त्यांनी मला बोलावून घेतलं. "ड्रेस बरोबर नेणार आहे," ते म्हणाले. "त्या जेवणाच्या वेळी समोरच्या खुर्चीवर ठेवीन. पण दुमड राहिलीय. तशी नेता येणार नाही. तुझी उंची तिच्याएवढीच आहे. सँडल घालून उभी राहा."

मी नाही म्हणणार होते. पण त्यांचा आवाज इतका साधा होता, कामाचा होता, की मला नाही म्हणता आलं नाही. त्यांनी चादर काढली, ड्रेस पुतळ्यावरून अलगद उतरवला आणि तसाच माझ्या हातात दिला. मी आत जाऊन तो घातला, सँडल चढवले आणि बाहेर येऊन आरशासमोर उभी राहिले. आरशात मावशी उभी होती.  काकांनी वर पाहिलंच नाही. ते गळ्यात टेप टाकून जमिनीवर बसले होते, नजर माझ्या घोट्यांवर.

"हे वर का गेलंय?" ते म्हणाले.

मी खाली पाहिलं. ड्रेस जमिनीपर्यंत यायला हवा होता, तो चांगला चार बोटं वर राहिला होता. कडा आत दुमडलेली होती आणि घेरभर टाचण्या लावलेल्या होत्या.

"तुम्हीच लावल्या असतील."

"मी एकही टाचणी लावलेली नाही. चपला बघितल्याशिवाय मी लावत नाही." ते आणखी खाली वाकले आणि एका टाचणीवर बोट ठेवून थांबले. "हिचं डोकं डावीकडे आहे."

मावशी डावखुरी होती. सगळ्या टाचण्यांची डोकी डावीकडे होती. मागच्या बाजूला, जिथे आपला आपल्याला हात पोचत नाही, तिथे ओळ वाकडी झाली होती.

 काकांच्या छातीतली घरघर मला ऐकू येत होती. मग ते गुडघ्यांवरच सरकत तिच्या मशीनपर्यंत गेले, खालच्या चपला घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"या घाल."

मी सँडल काढून मावशीच्या चपलांत पाय घातले. ड्रेसची कड जमिनीपासून बरोबर बोटभर वर येऊन थांबली. यापेक्षा नीट बसलेला कपडा मी त्या दुकानात पाहिलेला नाही.

"म्हणजे जहाज तिनं केव्हाच सोडून दिलं होतं," काका म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. "तिनं हा घरात घालायचा ठरवला होता. एकटीनं वाकून, आरशात बघून, पुन्हा वाकून टाचण्या लावल्या आणि मला दिसावा म्हणून पुतळ्यावर चढवला. फक्त दुमड मारून हवी होती. अर्ध्या तासाचं काम." त्यांनी आता माझ्याकडे पाहिलं. "तीन आठवडे माझ्यासमोर होता गं. मी त्याच्यावर मास्कचं कापड टाकत होतो."

 जहाजावर जाण्यापासून त्यांना अडवायला माझ्याकडे महिनाभर शब्द होते, इथे एकही नव्हता.

ते उठले आणि टेबलावरून कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी काहीतरी विचारत होती. "हो, दोघंही नाही," काका म्हणाले. "कारण? कारण लिहा, तिला घरी राहायचं आहे." फोन ठेवून ते बॅगेकडे गेले आणि ती कपाटावर सरकवून आले.

मी कपडे बदलून आले तोवर त्यांनी सुईत दोरा ओवला होता. मावशीच्या मशीनपाशी, उजेडात बसून ते हातशिलाई घालू लागले. एकेक टाचणी काढत आणि, सवयीनं, ओठांच्या डाव्या कोपऱ्यात धरत. दीड वर्षानं. मला ओरडावंसं वाटलं, पण त्या तिच्या टाचण्या होत्या. 

ते मागच्या बाजूला आले. चाळीस वर्षांत या माणसाच्या हातून वाकडी शिलाई गेलेली नाही. एकदा दोन सुतांचा फरक पडला म्हणून त्यांनी अख्खा कोट उसवला होता. आता ते त्या वाकड्या ओळीवरून, जशी होती तशी, टाका टाका पुढे चालले होते.

"काका, तिथे वाकडं आहे," मी म्हटलं. "सरळ करून घ्या ना."

त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढून बाजूला, तिच्या मशीनवर, नीट ओळीनं ठेवल्या.

"राहू दे," ते म्हणाले. "ती म्हणेल तसं."