निर्व्यसनी माणसाचं यकृत

माझ्या धाकट्या भावाच्या यकृतावर चरबी आहे, हे आम्हाला बरीच वर्षं ठाऊक होतं. खराडीतल्या त्याच्या कंपनीत दरवर्षी आरोग्य सप्ताह होई. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड टू’ येई आणि समारोपाला केक कापला जाई. भाऊ म्हणायचा, “ताई, आमच्या मजल्यावर हे नसलेला माणूस सापडला, तर त्यालाच डॉक्टरकडे पाठवतील.” चाळिशीत चष्मा लागतो तसंच हे, असं आमचं मत होतं. त्यातून आमच्या घरात कोणी दारूला शिवलेलं नाही. तेव्हा यकृताला तक्रारीचा अधिकारच नव्हता.

गेल्या मे महिन्यात एका रविवारी आमरसाचं जेवण झालं आणि दुपारी त्याच्या पोटात कळ आली. ती थेट पाठीत जात होती. त्याला आडवं होता येईना, पुढे वाकून बसून राहिला. बाबांनी ओवा दिला, भावजयीने थंड दूध. पित्त झालंय असं ठरलं. आमच्याकडे पोटातलं बहुतेक सगळं पित्ताच्या नावावर खपतं. सकाळी तो घामाने भिजला होता, तेव्हा रुग्णालयात नेलं. दाराशीच उद्घाटनाची कोनशिला होती. तिच्यावर पुढाऱ्याचं नाव रुग्णालयाच्या नावापेक्षा मोठं.

तरुण डॉक्टरबाई म्हणाल्या, स्वादुपिंडाला सूज आली आहे. मग विचारलं, “दारू?”

बाबा खुर्चीतून उठले. “आमच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं वाचून घेतात.”

“कधी पार्टीत, बिअर वगैरे?”

“अहो, मी मुख्याध्यापक होतो.”

“आजोबा, मी चारित्र्याचा दाखला मागत नाहीये. आणखी काही आजार?”

“काही नाही. सुपारीसुद्धा नाही.”

भावजयीने मान डोलावली. यकृतावरची चरबी कोणालाच आठवली नाही, कारण तिला आम्ही आजार समजतच नव्हतो. ती स्कॅनमध्ये दिसली. पित्ताशयातला खडाही दिसला. तो सरकून स्वादुपिंडाच्या नळीच्या तोंडाशी अडकला होता.

“खड्याने सूज आलेले पुष्कळ पेशंट आठवड्याभरात घरी जातात,” डॉक्टरबाईंनी समजावलं. “पण यकृतावर चरबी असली की हाच आजार जास्त भडकण्याचा धोका असतो. अंगात सूज आधीच धुमसत असते.”

“मग इतकी वर्षं कोणी सांगितलं का नाही?” भावजय म्हणाली.

“रिपोर्टात लिहिलं होतं ना.”



आधी भावाची मूत्रपिंडं थांबली, मग श्वास यंत्रावर गेला. त्याआधी तो माझ्याशी बोलला ते एवढंच, “ताई, पाणी.” पाणी द्यायची परवानगी नव्हती. नर्सने ओला कापूस त्याच्या ओठांवरून फिरवला आणि तो कापूसच चोखायला लागला.

खाली भेटायला येणारे लोक हळू आवाजात तेच विचारत, “घेत होता का हो?” बाबा प्रत्येकाचा गैरसमज ठामपणे दूर करत. नाही म्हटल्यावर विचारणाऱ्याचा चेहरा पडे. जो तो आपापल्या पोटाकडे बघत चहा प्यायला जाई. भाऊ पिणारा असता तर सगळ्यांची चांगली सोय झाली असती.

एका सकाळी डॉक्टरबाईंनी आम्हाला बसवून सांगितलं की स्वादुपिंडाचा बराचसा भाग मेला आहे, विष रक्तात पसरलं आहे आणि औषधांचा उपयोग होत नाहीये. आम्ही खाली आलो. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आले होते. त्यांनीही विचारलं.

“हो,” बाबा म्हणाले. “घ्यायचा.”

भावजयीने दचकून माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी सुस्कारा टाकला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि संगतीचा दोष असं काहीतरी पुटपुटत निघून गेले.

थोड्या वेळाने वरून बोलावणं आलं. लिफ्ट समोरच उघडी होती. बाबा जिन्याने निघाले, आणि आम्हीही त्यांच्या मागे एकेक पायरी चढत राहिलो.